गोचिडी जगतापच्याच वाट्याला

गोचिडी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरी केली म्हटलं की लोक आधी अंग खाजवतात आणि मग किस्सा मागतात. सत्तर-बहात्तरच्या सुमारास मिरजेत होतो, तेव्हाचे ढीगभर साचलेत.

काम सोपं होतं. माणसाला चावलेली गोचीड जिवंत आणायची, नळीत घालायची, वर चावलेल्या माणसाचं नाव चिकटवायचं. मग साहेब तिच्यात तापाचे जंतू शोधायचे. गोळा करणारे आम्ही दोघं, मी आणि जगताप. "ज्याच्या नळ्या जास्त, तो पुण्याला ट्रेनिंगला!" असं साहेबांनी जाहीर केलं आणि माझी झोप उडाली. जागा एकच होती.

*

पाटणजवळच्या एका वाडीत गेलो.

"आजी, गोचीड चावली होती ना? द्या की."

"आवं, हाय की काड्यापेटीत. पन ती जगतापांसाठी ठिवलीया!"

सात मैल चालत गेलो होतो मी!

*

मलकापूरचे एक रिटायर हवालदार. मी पोचलो तर त्यांनी बिडीचा चटका देऊन गोचीड मारून टाकलेली. "दुश्मन खतम!" मेलेली आम्हाला बिनकामाची. आठवड्याने जगताप गेला, तर त्याला जिवंत मिळाली! "खास तुज्यासाठी कैदी धरलाय रं!"

जगताप त्यांच्या लढाईच्या गोष्टी दोन-दोन तास ऐकायचा. मी घड्याळ बघायचो. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर जास्तच जळायचो.

*

घरीही सुटका नव्हती. बायको भाकरी वाढता वाढता विचारायची, "आज जगताप भावजींच्या किती?"

माझ्या किती, हे तिनं कधी विचारलं नाही!

*

शेवटच्या आठवड्यात तो तीन नळ्यांनी पुढे. मग मी तासगावकडे मामाच्या गोठ्यात गेलो, बैलाच्या कानामागून चार टपोऱ्या गोचिडी काढल्या आणि चारही नळ्यांवर माझंच नाव चिकटवलं. पोटरीला आयोडीनही फासलं.

साहेबांनी भिंगातून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. परत भिंगातून.

"शिंदे, ही जात माणसाला चावत नाही. बैलाला चावते."

मी फरशीकडे बघत उभा. तेवढ्यात जगताप पुढे आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी कळवळून म्हणाला,

"न्हाई साहेब, चावली असंल! लय राबतो ह्यो गडी. बैलालाबी लाजवंल!"