साडेपाचची गाडी

"झालं" म्हटलं की विश्वास ठेवायचा नाही, या एका तत्त्वावर अख्खा जन्म काढलेला माणूस बघायचा असेल तर अहमदपूरला आमच्या घरी या. ते माझे सासरे. तीस वर्षं एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. "निघालोच साहेब" म्हणणारा ड्रायव्हर तेव्हा गाड्यावर भजी खात असतो, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलंय की मी दूध तापलं म्हटलं तरी मामंजी झाकण उचलून बघणार. आमच्या लग्नात अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, तरी मामंजी पुढे येऊन दोघांच्या गळ्यातले हार तपासून गेले. माझ्या माहेरचे अजून हसतात. हसू द्या.

रिटायर होऊन गप्प बसतील ते मामंजी कसले! धाकट्या लेकाने दिलेल्या लॅपटॉपवर, कोड लिहून देणाऱ्या त्या एआयला हाताशी धरून त्यांनी तालुक्यातल्या गाड्यांच्या वेळांचं पान बनवलं. खेड्यांवरून कॉलेजला येणाऱ्या पोरी मोबाइलवर तेच बघतात. परवा दुपारी स्टँडवरून निरोप आला की डोंगराकडच्या गावाची शेवटची गाडी आजपासून सहाऐवजी साडेपाचला सुटणार. मामंजींनी एआयला सांगितलं. त्याने लगेच कळवलं, बदल केला, फाइल सेव्ह केली. मामंजींनी फाइल बंद करून पुन्हा उघडली, तर सहाच! पुन्हा सांगितलं. त्याने अदबीने माफी मागितली, सेव्ह झाल्याचं पुन्हा कळवलं. पुन्हा सहा. चार वेळा हेच.

"ह्यो आपल्या ड्रायव्हरांपेक्षा बेरकी हाय," मामंजी म्हणाले. "जागचा हलंना, अन् पोचलो म्हणून राहिला."

पुण्याला माझ्या दिराला फोन लावला, तर भाऊजी म्हणाले, झालंच असेल, संध्याकाळी बघतो. तोवर पाच वाजत आलेले. त्या गावच्या सात पोरी कॉलेजात. गाडी हुकली आणि एक जरी पोर अंधारात घरी पोचली, तरी सातहीजणींचं शिक्षण बंद, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मामंजींनी चपला घातल्या. त्यांची बीपीची गोळी घेऊन मी मागे. कॉलेजच्या फाटकात उभं राहून त्यांनी असा आवाज लावला की वर्गातले सर बाहेर आले. सातही पोरी साडेपाचच्या गाडीत बसल्या. बसल्या म्हणजे, मामंजींनी खिडकीतून मोजल्या. या माणसाची मी सून आहे, याचा इतका अभिमान वाटला की तिथेच डोळे भरून आले.

भाऊजींना मग चूक सापडली. एआय दर वेळी वेळ बदलत होता, पण भलत्याच फोल्डरमधल्या प्रतीत. पान दुरुस्त झालं. मामंजींनी ते बंद करून पुन्हा उघडलं, साडेपाच दिसल्यावरच लॅपटॉप मिटला.

"आमच्या अक्काची एकदा गाडी चुकली होती," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी बापानं शाळा बंद केली. वर्गात पहिला नंबर असायचा तिचा."

अक्का म्हणजे त्यांच्या थोरल्या बहीण, चाकूरला असतात. सणाला आल्या की माझ्या मुलीची पुस्तकं उघडून बसतात. मला वाटायचं, चित्रं बघत असतील.