काडीच्या मापाची चप्पल

आमच्या घरी बायकांच्या चपला काडीने यायच्या. आंधळगावच्या बाजाराच्या दिवशी सासू खराट्याची काडी माझ्या पायाखाली धरायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंत मोजून मोडायची, आणि नवरा ती खिशात घालून दुकानात जायचा. त्याच बाजारात मी भाजी घ्यायला जायची, मासळीवाल्याशी भांडायची. पण चार माणसांपुढे पाय पुढे करून चप्पल घालून बघायची म्हणजे घराची अब्रू गेली! काडीला पायाची लांबी कळते, रुंदी कळत नाही. एवढी साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात शिरली नाही, याचा मला आजही संताप येतो.

लग्नापासून मी त्या निमुळत्या चपलांत पाय कोंबत आले. हळूहळू अंगठा शेजारच्या बोटावर रेलला आणि त्याच्या मुळाशी हाड टेंगळासारखं वर आलं. घरच्या हातमागावर साडी विणताना पायाखालची पावडी दाबली की कळ पार पोटरीपर्यंत जायची. सासू म्हणाली, "तुया मायचाच पाय असा होता." नवऱ्याने हाडं बसवणाऱ्या ओळखीच्या माणसाला बोलावून माझा अंगठा ओढायला लावला. आठ दिवस पाय सुजून राहिला. मग सासू-नवऱ्याने ठरवलं, "तुले जमून नाही राहिलं, आता जावेले बसवू तुया मागावर."

माझा माग! काठाची नक्षी माझी, हात माझे, आणि निकाल यांनी लावला. मी कुणाला न विचारता एसटीने भंडाऱ्याला गेले.

डॉक्टरांनी आधी पाय पाहिला, मग चप्पल उचलून पायावर ठेवली. पाय दोन्हीकडून बाहेर. ते म्हणाले, हाड वाढलेलं नाही, सांधा सरकलाय. पायाची ठेवण आईकडून आली असेल, पण अरुंद चपलेने त्यात भर घातली. ओढून, तेल चोळून अंगठा सरळ होत नाही. पुढून रुंद चप्पल, दोन बोटांत मऊ गादी, सूज आली की बर्फ. एवढं करूनही चालवेना, तर ऑपरेशनचं बघू.

घरी सगळं सांगितलं. सासूने मन लावून ऐकलं, आणि बाजाराच्या दिवशी दोन काड्या घेऊन आली. "एक उभी, एक आडवी. आता तं झालं ना?"

माझं डोकंच फिरलं. दोन्ही काड्या मोडून चुलीत घातल्या आणि तडक दुकानात गेले. बायकांच्या चपलांत एकही रुंद सापडेना. चार काय, दहा माणसांपुढे पाय पुढे केला आणि पुरुषी चप्पल घालून पाहिली. पाय आत मोकळा बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

नवरा दारातच म्हणाला, "हे काहून आणली? माणसाची दिसते."

"दिसू द्या," म्हटलं. चप्पल मागाजवळ काढली आणि पावडीवर पाय ठेवला. कळ आलीच. "जावेले सांगा, तिनं आपला माग पाहावा. इथं मीच बसीन."