रुचाच्या आजीची घडी

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात येऊन सोळा वर्षं झाली तरी शोभना चांदेकरच्या घरात सिंकखाली पिशव्यांची पिशवी होतीच. ब्रेडच्या, तांदळाच्या, भाजीच्या, ड्रायक्लीनरनं कोटावर चढवलेल्या लांबलचक. एकही फेकली जायची नाही. नवरा, केदार, म्हणायचा, "अगं, म्युझियम काढ आता." नागपूरला चौदा वर्षं तिसरी-चौथीची पोरं सांभाळलेली बाई असल्या टोमण्यांना थोडीच भीक घालते!

इथे मात्र त्या चौदा वर्षांना कुणी विचारलं नाही. आधी व्हिसामुळे नोकरी करता येईना, करता आली तेव्हा तिची डिग्री चालेना. शेवटी ती जवळच्या प्राथमिक शाळेत लंच एड म्हणून लागली. जेवणाच्या सुट्टीत मुलांची दुधाची खोकी उघडून द्यायची, सांडलेलं पुसायचं, भांडणं सोडवायची. रोज तीन तास. फळ्याकडे नुसतं बघायचं. हे तिला फार लागायचं, पण ती कधी बोलून दाखवायची नाही.

मग एका सप्टेंबरात शाळेत बाकाची योजना आली. मुलांनी घरून प्लास्टिकच्या पिशव्या आणायच्या, एक कंपनी त्या नेणार आणि पुरेशा जमल्या की त्याच प्लास्टिकचा बाक करून शाळेला देणार. आता हे मुलांना शिकवायचं कुणी? शिक्षकांना वेळ नव्हता. शोभनानं वाक्य संपायच्या आत हात वर केला.

दर गुरुवारी जेवणानंतर पंधरा मिनिटं तिची. पिशवी दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघायची. ताणली गेली तर बाकाच्या खोक्यात, चिप्सच्या पाकिटासारखी चुरचुरली तर कचऱ्यात. आत खरकटं नको, ओल नको, घडी उघडून सपाट करून द्यायची. पोरं रांगेत उभी राहून अंगठे पुढे करायची आणि शोभनाचा आवाज नागपूरच्या वर्गातला व्हायचा. त्या भरात ती एक वाक्य दर आठवड्याला म्हणायची, "काहीच नाहीसं होत नाही. तुमची पिशवी त्या बाकात राहील. तुम्ही मोठे होऊन परत आलात तरी ती इथेच असेल." ती स्वतःही ते खरं मानून चालली होती.

दुसरीतली रुचा शाळेत तिला सगळ्यांसारखी "मिसेस सी" म्हणायची आणि जवळपास कुणी नसलं की "मावशी". फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती मुठीत काहीतरी घेऊन आली. मूठ उघडली तर हिरव्या पिशवीची त्रिकोणी घडी. पिशवीची पट्टी करून, कोपऱ्यापासून दुमडत नेऊन शेपूट आत खोचलेलं. शोभनाची आई अगदी अशीच घडी घालायची.

"मावशी, ही उघडायची नाही. आजीनं फोल्ड केलीय."

आजी पाच वर्षं त्यांच्याकडे होती. दिवाळीत वारली. तिच्या हातच्या अशा दोनच घड्या ड्रॉवरमध्ये उरल्या होत्या.

"मॉम म्हणते, इट्स जस्ट अ बॅग. बट तू म्हणालीस ना, काहीच नाहीसं होत नाही?"

"म्हणाले ना."

"प्रॉमिस?"

"प्रॉमिस," शोभना म्हणाली, आणि स्वतःचाच नियम मोडून तिनं ती घडी तशीच्या तशी खोक्यात ठेवली.

सोमवारी पुढच्या पार्किंगमधला बर्फ काढायचं काम चाललं होतं, म्हणून तिनं गाडी शाळेच्या मागे लावली. काम आटपून ती गाडीकडे आली तेव्हा तिथे साफसफाई बघणारा कस्टोडियन लुईस पिशव्यांचं खोकं उचलून कचऱ्याच्या मोठ्या कंटेनरमध्ये उपडं करत होता. वरून जेवणाचा कचरा. तिनं विचारलं तसं त्यानं खांदे उडवले. जानेवारीपासून सगळं यातच जातं, त्याला तसंच सांगितलंय. खोकं रोज रिकामं होतं आणि कचऱ्याचा ट्रक दर शुक्रवारी येतो, म्हणजे गुरुवारच्या पिशव्या केव्हाच गेल्या होत्या. हे कळत असूनही शोभना कंटेनरच्या कडेला हात टेकून, वाकून आत बघत राहिली. हिरवं काही नव्हतं.

मुख्याध्यापिका गोडच बोलल्या. पिशव्यांत खरकटं येतं म्हणून कंपनीनं डिसेंबरातच नकार कळवला होता. पण मुलांना सवय लागतेय, तेच महत्त्वाचं, नाही का? बाकाची ऑर्डर पालकांच्या फंडातून दिलेली आहे. उगाच मुलांचा गोंधळ नको. आणि तुम्ही फारच सुंदर शिकवता! शोभनाच्या मनात मराठीत दहा वाक्यं उसळली, आणि तोंडातून आलं, "ओके." त्या ओकेचा तिला इतका राग आला की घरी येईपर्यंत गाडीत ती एकटीच भांडत होती.

"सोड ना यार," केदार म्हणाला, "सगळी सिस्टिमच तशी आहे. तू काय करणार?"

खरंच, काय करणार होती? मुलांना सांगितलं तर ती पुन्हा कधी पिशवी ताणून बघणार नाहीत. नाही सांगितलं तर आपण दर गुरुवारी लेकरांच्या तोंडावर खोटं बोलतोय. तिनं मधला, भित्रा मार्ग काढला. अंगठ्यांनी ताणायचं शिकवत राहिली, फक्त ते एक वाक्य म्हणायचं सोडलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मे महिन्यात बाक आला. करडा, गुळगुळीत, पाठीवर पाटी: "आमच्या मुलांनी वाचवलेल्या प्लास्टिकमधून." टाळ्या झाल्या, फोटो झाले. सगळी पांगल्यावर रुचा बाकाची एकेक फळी निरखू लागली.

"मावशी, आजीची कुठली? ग्रीन दिसतच नाहीये."

आता सांगावं, असं शोभनाला वाटलं. अगदी ओठांपर्यंत आलं. आणि तिनं बोट ठेवलं डाव्या कोपऱ्यातल्या फळीवर.

"ही. सगळे रंग मिसळले ना, म्हणून दिसत नाही."

रुचानं त्या जागेवर हात फिरवला आणि ती तिथेच बसली. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा मूठ उघडली. उरलेली दुसरी घडी.

"अगं, ही तरी घरी असू दे."

"नको. घरी मॉम टाकून देईल," रुचा म्हणाली. "इथे सेफ आहे."

शोभनानं ती घेतली. खोक्यात टाकता येईना आणि परत देताही येईना. ती घडी अजून तिच्या गाडीच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या खाली आहे. आणि रुचा रोज सुट्टीत बाकाच्या डाव्या कोपऱ्यात बसते, मैत्रिणींना तिथे बसू देत नाही.