नवव्या स्लाइडवरचा हात

रुग्णालयात तिला सगळे भिंगरी म्हणायचे, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. वाटायला बाई एका जागी थांबायला तर हवी! चहा उभ्याने, जेवण उभ्याने, रजेचा अर्जसुद्धा भिंतीला टेकवून लिहिलेला. घरी जरा बसली तरी एक पाय सारखा हलत असायचा आणि मुलगी ओरडायची, "आई, सोफा हलतोय!" लग्नाच्या फोटोत तिचा चेहरा पुसट आलाय, कारण फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटलं आणि नेमकी त्याच क्षणी तिला कानामागची बट सारखी करायची आठवण झाली. नर्स म्हणून सव्वीस वर्षं झाली, पण डोळ्यांसमोरून ती सावकाश गेल्याचं कुणाला आठवत नाही.

थांबायची ती फक्त एका ठिकाणी. आठवड्यातून दोनदा तळमजल्यावरच्या खोलीत ती वर्ग घ्यायची. कुणाच्या घरच्या माणसाला नाकातून पोटात नळी घातलेली असते, गिळता येत नाही, आणि नळीसकटच घरी न्यायचं असतं. अशा नातेवाइकांचा तो वर्ग. बावीस स्लाइड, एक तास. हात कसे धुवायचे, पाठीशी उशा किती लावायच्या, पातळ अन्न सिरिंजमधून किती सावकाश सोडायचं, सगळं होतं त्यात. नवव्या स्लाइडवर मात्र एक अक्षर नव्हतं. नुसता तिचा स्वतःचा पंजा, समोर धरलेला. करंगळी वाकडी, कारण ती कधीतरी औषधांच्या कपाटाच्या दारात चेंगरली होती.

तो पंजा पडद्यावर आला की ही स्वतःही हात वर धरून उभी राहायची. "थांबा. आता कुणी पुढे जायचं नाही." मग एकेकाच्या हातात नळी द्यायची आणि तिच्यावरची शाईची खूण दाखवायला लावायची. खूण बरोबर नाकपुडीपाशी आहे? मग अन्न द्या. बाहेर सरकलीय? मग एक थेंबही नाही, आधी आम्हाला फोन. नळी सरकली तर अन्न पोटाऐवजी फुप्फुसात जाऊ शकतं आणि माणूस हातचा जातो. हे तिने स्लाइडवर मुद्दामच लिहिलं नव्हतं. लिहिलेलं लोक वाचतात आणि विसरतात, हे तिचं ठाम मत. शेवटच्या माणसाने खूण बरोबर दाखवली की मगच ती हात खाली घ्यायची आणि दहावी स्लाइड लावायची.

एक दिवस मोठ्या सिस्टरनी तिला बोलावलं. "तुझी ती खोली सामानाला हवीय. आणि लोक लांबून येतात गं, तुझ्या वर्गासाठी त्यांना किती ताटकळत ठेवायचं? त्या स्लाइडांचा व्हिडिओ करून टाक. फोनवर पाठवायचा, हवा तितक्यांदा बघतील."

बोलणं रास्त होतं, म्हणून तर भिंगरीला भांडता येईना. दोन दिवस ती नुसती धुसफुसत फिरली. मग रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन मुलीपुढे उभी राहिली.

"यात काय अवघड आहे?" मुलगी म्हणाली. "फाइलमध्ये जायचं, व्हिडिओ कर म्हणायचं. हे बघ, विचारतंय प्रत्येक स्लाइडला किती सेकंद. पाच आपोआप येतात. राहू देत?"

"राहू देत, राहू देत. आवर पटकन."

पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने पुढे सरकायला लागली. ती बघत बसणं काही हिच्या बापजन्मी जमणारं नव्हतं. तिने तेवढ्यात कपडे वाळत घातले, गॅसची शेगडी घासली, वर मुलीचं कपाटही लावून टाकलं. व्हिडिओ तयार झाला. एक मिनिट पन्नास सेकंद! मागे मुलीने मंद व्हायोलिनही लावलं होतं.

"अगं बाई! तासाचं काम दोन मिनिटांच्या आत!" भिंगरी भलतीच खूश झाली. इतकी वर्षं आपण उगाच घसा कोरडा केला असंही क्षणभर तिला वाटलं. तिसऱ्या स्लाइडपर्यंत तिने व्हिडिओ पाहिला. आपल्याच स्लाइड, त्यात काय बघत बसायचं? केला बंद.

आता इथे कुणीही म्हणेल की शेवटपर्यंत बघायला काय झालं होतं? तेच तर! शेवटपर्यंत बघितलं असतं तर ती भिंगरी कसली.

बुधवारी सकाळी वॉर्डातून चार माणसं नळीसकट घरी गेली. चारही घरांना तिने व्हिडिओ पाठवला. त्यातलं एक घर क्रेनकाकांचं. काका बंदरावर क्रेनखाली उभं राहून हाताने इशारे करायचं काम करत, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हातांना ते कळलं नव्हतं. काकूंची खाट वर करताना नर्स हँडल फिरवायची आणि काका पायथ्याशी उभे राहून बोटाने दाखवायचे, अजून, अजून, आता बस. सगळा वॉर्ड हसायचा. अर्धांगाचा झटका आल्यापासून काकूंचं बोलणं आणि गिळणं गेलं होतं, त्या फक्त डोळ्यांनी हसायच्या. घरात हे दोघंच. निघताना काका म्हणाले, "सिस्टर, मला दोनदा सांगावं लागतं हो." आणि ही चालता चालता म्हणाली, "काका, व्हिडिओ आहे ना! वीसदा बघा."

दुपारी तीनच्या सुमारास वॉर्डातल्या आयाबाई टेकल्या होत्या, हातात फोन. "तुमचा व्हिडिओ फिरतोय बरं का. छान झालाय. वाजंत्रीपण आहे."

भिंगरीने जाता जाता मान वाकडी करून पाहिलं. आठवी स्लाइड. मग तिचा पंजा आला. व्हायोलिन वाजलं, आणि पंजा गेला. लगेच दहावी स्लाइड: आता अन्न सावकाश सोडा.

तिच्या हातातला ट्रे तसाच राहिला. "परत लाव," ती म्हणाली. परत तेच. पाच सेकंद हात, आणि पुढे. खूण नाही, नाकपुडी नाही, फुप्फुस नाही. जे सांगण्यासाठी ती सव्वीस वर्षं घसा फोडत आली, ते त्या व्हिडिओत कुठेच नव्हतं. कारण ते स्लाइडवर कधी नव्हतंच, ते हिच्या तोंडात होतं.

चार घरं, आणि दुपारचं अन्न द्यायची वेळ बाराची!

पहिल्या घरी फोन लागला. तिथे घरी यायला नर्स ठेवली होती, तिने खूण पाहिली होती. दुसऱ्या घरचे अजून रस्त्यातच होते. तिसरीकडची सून म्हणाली, "दिलं की बाराला. छान झोपल्यात." भिंगरीने तिला तशीच फोन घेऊन खाटेपाशी पाठवलं. श्वास कसाय? खोकला? खूण कुठेय? खूण जागेवर होती. भिंगरीने भिंतीला हात लावून श्वास सोडला.

मग काकांना फोन केला. दोनदा वाजला आणि कट झाला. पुन्हा लावला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा एका घंटीतच कट.

फोन न उचलणारा माणूस झोपलेला असेल, बाहेर गेला असेल. पण कट करणारा? कट करणाऱ्याचे हात कशात तरी गुंतलेले असतात. कशात? सिरिंजमध्ये? मोठ्या सिस्टरना तिने धावता धावताच सांगितलं, "माझ्या हातून चूक झालीय, क्रेनकाकांच्या घरी जाऊन येते." त्यांनी काही विचारेपर्यंत ही जिन्यावर पोचलीसुद्धा.

टॅक्सीत बसली पण बसवेना. सिग्नल लागला की दाराच्या कडीवर हात. टॅक्सीवाला म्हणाला, "बाई, तुम्ही उतरून पळालात तरी एवढ्याच वेळात पोचाल." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की सिग्नल सुटताच त्याने गाडी जोरात काढली. देवा, एक वेळ नोकरी जाऊ दे, ती मनात घोकत होती, पण त्या बाईला काही होऊ देऊ नकोस. दोनदा सांगावं लागतं म्हणाला होता बिचारा. मी एकदाही सांगितलं नाही. मेली माझी घाई!

तिसरा मजला. लिफ्ट वरच अडकलेली, मग तिची वाट कोण बघतंय! दार नुसतं लोटलेलं होतं.

खोलीत खिडकीपाशी खाट. काकू पाठीशी तीन उशा लावून बसलेल्या, अगदी पाचव्या स्लाइडप्रमाणे. शेजारच्या टेबलावर स्वच्छ रुमाल, त्यावर सिरिंज, वाटीत गाळलेलं अन्न. वाटी भरलेली, वर साय धरलेली. खुर्चीत काका ताठ बसलेले. समोर पाण्याच्या पेल्याला टेकवून फोन उभा, आणि फोनवर वाकड्या करंगळीचा तो पंजा.

"आलात?" काका उठले. "बरं झालं. सारखं कुणीतरी फोन करतंय हो, हात दिसेनासा होतो. कट करून करून वैताग आला."

"काका," ती धापा टाकत म्हणाली. "अन्न... दिलंत?"

"कसं देईन?" काकांना प्रश्नच कळला नाही. "तुम्ही हात वर केला होता ना! मी लगेच व्हिडिओ थांबवला. आमच्याकडे हात वर गेला की क्रेन जागच्या जागी. माल अधांतरी लोंबकळत राहिला तरी चालेल. आणि ज्याने वर केला त्यानेच खाली घ्यायचा, दुसऱ्याने नाही. तुमची करंगळी ओळखली मी. म्हटलं, येतील." मग त्यांचा आवाज उतरला. "सकाळी नऊपासून उपाशी आहे ही. मला राहवत नव्हतं. चुकलं का काही?"

भिंगरी मटकन खाली बसली आणि रडायलाच लागली. "तुमचं नाही हो. माझं चुकलं. सगळं माझं चुकलं, काका." काकूंनी आपला चालणारा हात कसाबसा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. उपाशी बाईने हिचं सांत्वन करायचं! त्याने तर तिला आणखीच भरून आलं.

मग तिने डोळे पुसले, हात धुतले आणि काकांना जवळ बोलावलं. खूण दाखवली. खूण नाकपुडीलाच होती. सरकली तर काय होतं ते सांगितलं, मग पुन्हा सांगितलं, मग त्यांच्याकडून वदवून घेतलं. शेवटी आपला उजवा हात त्यांच्यासमोर वर धरला आणि हळूच खाली घेतला. काकांनी मान डोलावली, साय धरलेलं अन्न टाकून वाटीत ताजं गाळून आणलं आणि सिरिंज भरली.

अन्न अगदी सावकाश सोडायचं असतं. त्यानंतरही अर्धा तास माणसाला तसंच बसवून ठेवायचं. भिंगरी खुर्चीत बसली. मुलीला फोन लावून दबक्या आवाजात म्हणाली, "त्या व्हिडिओचे दोन तुकडे कर. पहिला माझ्या हातापाशी संपव. हो, तिथेच, हात तसाच राहू दे, खाली माझा नंबर टाक. दुसरा मी ठेवणार माझ्याजवळ. फोन करून मला खूण कुठेय ते सांगेल, त्यालाच तो द्यायचा."

"आई, दिवसभर तुझा फोन वाजत राहील."

"वाजू दे."

फोन ठेवला. खोली शांत होती. काकांचा अंगठा सिरिंजवर केसभर सरकत होता आणि काकू त्यांच्याकडे बघत होत्या. खुर्चीखाली हिचा पाय हलायला लागला होता. टेबल थरथरलं, वाटीतलं अन्न हिंदकळलं.

काकांनी नजर सिरिंजवरून हलवली नाही. फक्त मोकळा हात वर करून पंजा तिच्यासमोर धरला.

तिचा पाय थांबला. वाटी रिकामी होईपर्यंत काकांनी हात खाली घेतला नाही, आणि तोवर भिंगरी हलली नाही.