चांदण्या नसलेलं आभाळ
जांभळं खाऊन बोटं रंगली की मला बंगळूरच्या मल्लेश्वरममधली आमची जुनी प्रयोगशाळा आठवते. एका आजारी मुलीच्या अंगातला विषाणू तपासायला आला होता. चालू औषधाला तो जुमानत नाही, अशी डॉक्टरांना शंका होती. आम्ही ताटलीतल्या छोट्या खळग्यांत जिवंत पेशी वाढवल्या, त्यांवर तो सोडला, एका रांगेत जुनं औषध घातलं, दुसरीत नवं, आणि वाट बघत राहिलो. मग एका दुपारी अक्कांनी, म्हणजे आमच्या प्रमुखांनी, त्यावर जांभळा रंग ओतला. जगलेल्या पेशी रंग धरतात, मेलेल्यांच्या जागी पांढरे ठिपके उरतात. मी ताटलीला हात घालणार तोच "स्वल्प थांब" म्हणत अक्कांनी ती नळाच्या बारीक धारेखाली धरली. रंग संथ वाहून गेला आणि जुन्या औषधाच्या रांगेत आभाळभर चांदणं उगवलं. मी हरखून म्हणाले, "अक्का, किती सुंदर!" "सुंदर म्हणू नको गं," त्या हळूच म्हणाल्या, "प्रत्येक चांदणी म्हणजे विषाणूनं खाल्लेली जागा." मग त्यांनी ताटली उजेडात तिरकी केली. नव्या औषधाच्या रांगेत नुसतं गच्च जांभळं, कोरं आभाळ. अक्का कितीतरी वेळ त्यात बघत राहिल्या, आणि फोन उचलून डॉक्टरांना म्हणाल्या, "नवं सुरू करा. एकही चांदणी नाही." चांदणी म्हणजे काय, ते डॉक्टरांना कळलं असेल का कोण जाणे. आता बेळ्ळंदूरच्या आमच्या गच्चीवर पुण्याचे पाहुणे संध्याकाळी हळहळतात, "तुमच्या बंगळूरला चांदण्याच दिसत नाहीत!" मी त्या कोऱ्या जांभळ्या आभाळाकडे बघते, आणि मला उगाच वाटतं, कुणाला तरी औषध लागू पडलं.