न वाचलेलं कलम

बाबांचा फोन दुपारी जेवणाच्या सुट्टीत आला. ते कामाच्या वेळेत कधी फोन करत नाहीत, म्हणून उचलण्याआधीच मी डबा बंद केला. "राजेशम गेला," एवढंच ते म्हणाले आणि मग बराच वेळ नुसता त्यांच्या खोकण्याचा आवाज येत राहिला... सकाळी ऑफिस उघडायला गेलेले काका जिन्यातच खाली बसले आणि उठले नाहीत, हे नंतर आईनं सांगितलं. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात मी कुणाला काही बोलले नाही. साडेपाचपर्यंत काम केलं. मला आधी दुःख झालं नाही, हे लिहायलाच हवं. आधी वाटलं ते सुटल्यासारखं. एक गोष्ट माझ्याखेरीज फक्त त्यांना ठाऊक होती, आणि आता ते नव्हते.

राजेशमकाका बाबांचे शाळेतले मित्र. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेले, घरात तेलुगू आणि बाहेर अस्सल सोलापुरी मराठी बोलणारे. तरुणपणी आखातात गेले आणि चौदा वर्षं एका बांधकाम कंपनीच्या कामगार छावणीत हजेरी घेणारे कारकून होते. परतल्यावर त्यांनी परवाना काढला आणि नव्या पेठेत, एका अरुंद जिन्यावर, दोन खोल्यांचं ऑफिस थाटलं. तिकडच्या कंपन्यांना वेल्डर, प्लंबर, गवंडी पारखून द्यायचे आणि इकडच्या मुलांचा पासपोर्ट, तपासणी, व्हिसा, करारपत्र सगळं मार्गी लावायचं. पाटीवर 'इमिग्रेशन कन्सल्टंट' असं लिहिलेलं होतं, पण करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत लोक त्यांना 'दुबईवाले साहेब' म्हणत, मुलगा कुठल्याही देशात जाणारा असो.

बी.कॉम. झाल्यावर मी त्यांच्याकडे टायपिंगला लागले. लोकांशी बोलावं लागणार नाही, हे त्या नोकरीचं मला मोठं आकर्षण होतं. पहिल्याच आठवड्यात तो भ्रम निघाला. एका परदेशी कंपनीचा माणूस व्हिडिओ कॉलवर होता. महिनाअखेर चाळीस माणसं मिळतील का, असं तो विचारत होता. काका मला म्हणाले, "विचार त्याला, चाळीस जणांना संडास किती?" मी कीबोर्डकडे बघू लागले. "ओ कॉन्व्हेंट, एवढं इंग्रजी शिकलीस अन् आवाज घरी डब्यात ठेवून आलीस काय? विचार की!" मी विचारलं. तो हसला. काका हसले नाहीत. राहण्याच्या खोल्यांचे, मोरीचे आणि स्वयंपाकघराचे फोटो आल्याशिवाय त्यांनी एकही नाव पाठवलं नाही. उलट बाजूनंही तसंच. एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये ते मुलांकडून वेल्डिंग करून घ्यायचे आणि जोड कच्चा निघाला तर आमदाराची चिठ्ठी आणलेल्यालाही घरी पाठवायचे. "तिथं उंचावर चढणार हाय हा. खाली दुसरी माणसं असतात," म्हणायचे.

पण त्यांचं खरं काम मला वाटतं ते 'वाचन' होतं. सही करायच्या दिवशी मुलानं घरच्यांना घेऊन यायचं, आई किंवा बायको आलीच पाहिजे. तिला पंख्याखालच्या खुर्चीत बसवायचं आणि इंग्रजी करारपत्रातलं एकेक कलम मराठीत सांगायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. दोन तास जायचे. मुलं कंटाळून मोबाईल काढायची. मी एकदा म्हटलं, थोडक्यात सांगितलं तर? "जाणारा ऐकतच न्हाई गं, त्याचं ध्यान विमानात. मागं राहणाऱ्यांसाठी वाचायचं असतं." एकोणिसाव्या कलमाशी ते चष्मा काढून ठेवायचे. कामगार नोकरीत असताना वारला तर काय, याचं ते कलम. ते सांगून झालं की स्वतःचं एक वाक्य जोडायचे, करारात नसलेलं: "तिकडून कुठलाबी कागद आला तर सही करायची न्हाई. आधी माझ्याकडं आणायचा." छावणीत असताना मेलेल्या माणसांच्या ट्रंका त्यांनी भरल्या होत्या. त्याबद्दल ते फार बोलत नसत.

पुढे वाचनही माझ्याकडे आलं. ते शेजारी बसायचे, मी अडले तर सांगायचे. एकोणिसावं कलम मात्र स्वतःच वाचायचे. दत्ताच्या सहीच्या दिवशी ते एमआयडीसीत अडकले आणि फोनवर म्हणाले, "तू घे उरकून, तुला येतंय आता." दत्ता करमाळ्याकडच्या केम गावचा, पंचविशीचा प्लंबर. बरोबर आई, शेवंतामावशी, आणि थोरला भाऊ महादेव. अठरा कलमं मी नीट वाचली. मावशी एकेका वाक्याला "व्हय" म्हणत होत्या, आणि मधेच दत्ताला टोमणा मारत होत्या, "ऐक की रं, तुज्यासाठीच वाचतीया ती. न्हायतर तितं जाऊन मला फोन करचील, आये, ह्याचा अर्थ काय म्हून." आम्ही सगळे हसलो. मग मी पान उलटलं. समोर ती बाई, पदरानं मानेचा घाम पुसत, अजून हसत असलेली. तिला तोंडावर 'तुमचा मुलगा मेला तर' असं म्हणायचं होतं... "हितं काय लिवलंय?" त्यांनी विचारलं. "काही नाही मावशी, नेहमीचंच आहे," मी म्हटलं आणि विसाव्या कलमावर गेले. महादेवनं साक्षीदार म्हणून सही केली. दत्तानं जाताना ऑफिसच्या बेसिनचा गळका नळ घट्ट करून दिला.

सात महिन्यांनी दत्ता छावणीत झोपेतच गेला. सकाळी उठलाच नाही. आम्हाला कळायच्या आत कंपनीच्या कुणीतरी थेट महादेवच्या मोबाईलवर एक इंग्रजी फॉर्म पाठवला. भाऊ लवकर घरी यावा म्हणून महादेवनं केममध्येच त्याची प्रिंट काढली, सही केली, फोटो काढून परत पाठवला. तो तिथंच दफन करायला संमती देणारा फॉर्म होता. काकांना समजेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यांनी फोन खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "एकोणीस वाचलं होतंस ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा कधीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ते एकटेच केमला गेले आणि घरासमोर जमलेल्या सगळ्यांपुढे सांगून आले, "ते कलम सांगायचं माझ्याकडनं राहिलं, चूक माझी." हे मला त्यांच्याकडून कळलं नाही. ऑफिसात आलेल्या एका माणसानं जाता जाता ऐकवलं, "साहेब, तुमीच असं केल्यावर आमी कुनाकडं जायचं?" काकांनी त्याला पाणी दिलं. मी टाईप करत राहिले. नंतरची दोन वर्षं ते कंपनीला, वकिलातीला, मंत्रालयाला पत्रं लिहीत राहिले आणि ती इंग्रजी पत्रं मीच लिहिली. दफन झालेला देह परत काढता येत नाही, असंच दर वेळी उत्तर यायचं. शेवटी एक फोटो आला, वाळूत रोवलेल्या नंबराच्या पत्र्याचा. तोही काका स्वतः केमला देऊन आले. हळूहळू मुलं येईनाशी झाली. मला पुण्यात नोकरी मिळाली तेव्हा ते म्हणाले, "जा, जा. तिथं तरी मोठ्यानं बोल." मला वाटतं, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझा 'हो' फार लवकर आला होता.

दिवसांच्या जेवणाला मी सोलापूरला गेले. पंगतीत बाबांच्या वयाचे एक गृहस्थ सहज म्हणाले, "माणूस चांगला. पण शेवटी शेवटी ढिला पडला की राजेशम. त्या केमच्या पोराचं बघा..." वाढत असलेल्या काकूंनी ऐकलं. त्या क्षणभर थांबल्या आणि पुढच्या पानाकडे गेल्या. मी तेव्हाही बोलले नाही. खाली बघून जेवले.

पुण्याला परतताना गाडी केमवरून जाते. गेली दोन वर्षं मी त्या स्टेशनाशी मोबाईलमध्ये डोकं घालून बसायचे. या वेळी पॅसेंजरनं निघाले आणि उतरले.

शेवंतामावशी दारात तूर निवडत होत्या. "कोन गं तू?" मी ऑफिसचं नाव सांगितलं. "साहेब गेलं म्हनं," त्या म्हणाल्या. "चार येळा आला व्हता हितं. दर येळी त्या खुर्चीवर बसायचा अन् खाली बघायचा. च्या बी प्यायचा न्हाय."

"मावशी, चूक त्यांची नव्हती. त्या दिवशी कागद मी वाचला. एक कलम मी वाचलंच नाही. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा वाचलं म्हणून खोटं सांगितलं."

त्यांचे हात तुरीतच थांबले. "का गं?"

"तुम्ही समोर होता."

त्यांनी हात पदराला पुसले. शिव्या देतील असं वाटलं, द्याव्यात असंही वाटलं. त्या आत गेल्या आणि खिळ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. करारपत्र त्यातच होतं, पासपोर्टच्या झेरॉक्ससकट. "आता वाच."

मी वाचलं. कामगाराचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर त्याचा देह कंपनी स्वतःच्या खर्चानं मायदेशी पाठवेल. कुटुंबानं लेखी संमती दिली तरच तिथे दफन करण्यात येईल. मग करारात नसलेलं काकांचं वाक्यही सांगितलं, त्यांच्याच शब्दांत.

"येवढंच व्हतं?"

"हो."

"येवढंच," त्या स्वतःशी म्हणाल्या. सूप उचलून त्यांनी बाजूला ठेवलं. "थोरला यील आता रानातनं. त्याला बी वाच. सही त्यानं केलीया. धाव्वीपतुर शिकलाय, पन तवापास्नं कुटंच सही करत न्हाय. सोसायटीच्या कागदावर बी अंगठा लावतो."

गाडीची वेळ झाली होती. मी खुर्चीवर बसले नाही, उंबऱ्याशी खालीच बसले. पाऊण तासानं मोटरसायकल येऊन थांबली. महादेवनं मला ओळखलं नाही. हौदाजवळ तो पाय धूत असताना मी कागद मांडीवर घेतला, पान उलटलं आणि कलमाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.