चोलवेचा भोपळा

लुबोनानं तंबाखू सोडली त्याला अकरा महिने झाले होते, आणि त्यातला एकही दिवस तिनं एकटीनं काढला नव्हता. निदान तिची तशी समजूत होती. बिंगा गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं स्पष्टच सांगितलं होतं, "छाती पार पोखरलीय. भोपळा सुटला नाही, तर पुढचा उन्हाळा दिसायचा नाही." चाळीस वर्षं ओढलेली भोपळ्याची गुडगुडी, ती काय अशी सांगून सुटते? पण धाकटी जाऊ चोलवे म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही सोडा, मीही सोडते." दोघींनी आपापले भोपळे दगडावर आपटून फोडले.

तलफ आली की लुबोना टोपली विणायला घ्यायची आणि स्वतःला दटावायची, चोलवेला जमतं, तर मलाच काय धाड भरलीय? तेवढ्यावर ती तरली.

मग गावात मयत झाली. बायका रडून दमल्या, सावलीत टेकल्या आणि गुडगुडी निघाली. पाणी भरलं, निखारा ठेवला. जिचा भोपळा, तिचा पहिला झुरका, हा इथला रिवाज. मयताच्या घरीसुद्धा तो कुणी मोडत नाही. म्हातारी मियोबानं भोपळा सरळ चोलवेपुढे धरला.

"घे की गं, तुझाच आहे! रोज माझ्या अंगणात बसून ओढतेस, आज कसली लाज?"

बायकांनी माना खाली घातल्या. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या लुबोनालाच मूर्ख बनवलं होतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"चौथ्या दिवसापासून," चोलवे पुटपुटली. "खरं सांगितलं असतं, तर तुम्ही टिकला असता का, जाऊबाई? तुमच्यासाठीच खोटं बोलले."

"माझ्यासाठी! केवढे उपकार गं बाई तुझे!"

लुबोनाच्या अंगाची आग आग झाली. तलफ म्हणाल तर अजिबात नव्हती, होता तो नुसता संताप. ज्या खांबाला धरून अकरा महिने उभी राहिले, तो चौथ्या दिवसापासूनच नव्हता! तिनं हात लांब करून भोपळा हिसकावून घेतला.

"नको, जाऊबाई, पाया पडते!" चोलवे रडायलाच लागली. "नर्सबाईनं काय सांगितलंय?"

"तू नको सांगूस. तू तर मुळीच नको."

पहिल्याच झुरक्याला असा ठसका लागला की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बायका थोड्या सरकल्या आणि त्यांनी तिला मध्ये बसायला जागा करून दिली.